धवलचा डावा बूट

डासांवर डॉक्टरेट केलेल्या बाईला डेंग्यू झाला, हा विनोद आमच्या सोसायटीला दिवाळीपर्यंत पुरला.

सोसायटीचं नाव ला व्हिस्टा मेरिडियन. गुडगावात तेव्हा अशीच नावं असत. आमच्या बाविसाव्या मजल्यावरून जो व्हिस्टा दिसे, त्यात मोहरीचं एक उरलेलं शेत होतं, त्यापलीकडे उघडा नाला, आणि नाल्यापलीकडे आमच्यासारखीच आणखी एक सोसायटी. तिचं नाव इटालियन होतं. माझा नवरा सुजय एका टेलिकॉम कंपनीत वरच्या हुद्द्यावर होता आणि हा फ्लॅट त्याची निवड होती. मी रोज दिल्लीला एका सरकारी प्रयोगशाळेत जाऊन डासांच्या अळ्यांचा अभ्यास करत असे. सोसायटीत हे काम सांगितलं की लोक एक क्षण थांबून 'हाउ इंटरेस्टिंग' म्हणत आणि विषय बदलत.

पावसाळ्यात मी कमिटीला सांगितलं होतं की लॉबीत काचेच्या भांड्यांत ठेवलेल्या बांबूंच्या पाण्यात अळ्या आहेत. परीक्षानळीत घेऊन दाखवल्याही होत्या. कमिटीचा सेक्रेटरी धवल कारखानीस. ठाण्याचा, सुजयचा मित्र, व्यवसायाने मॅनेजमेंट कन्सल्टंट. त्याने नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "पण वहिनी, हे पाणी आरओचं आहे."

"एडिस डासाला स्वच्छच पाणी लागतं," मी म्हटलं.

"बघा! म्हणजे आपल्या सोसायटीचं स्टँडर्ड डासांनाही कळलंय."

सगळे हसले. बांबू राहिले. ऑक्टोबरात मला डेंग्यू झाला.

त्या वर्षी दिल्लीत लोक एकमेकांना प्लेटलेट विचारत, जसा क्रिकेटचा स्कोअर विचारतात. धवल पपईच्या पानांचा रस घेऊन आला. कुणीतरी मोठ्या गाडीतून जवळच्या खेड्यात जाऊन बकरीचं दूध आणलं. या दोन्हींना काहीही आधार नाही, असं मी तापातही सांगत होते. ते मानेने हो म्हणत आणि पेला पुढे करत. माझी आई, कमलाबाई, दिल्लीतल्या द्वारकेहून येऊन उशाशी बसली होती. ती फक्त पाणी पाजायची. "डास धरणारीला डासाने धरलं," म्हणाली एकदा. तिच्या तोंडून मला ते चाललं.

ताप आठवड्यात उतरला. उरलं ते वाईट होतं. हाडांत कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं वाटे. एक जिना चढून गेलं की कठड्याला धरून थांबावं लागे. आणि फेब्रुवारीत मला मॅरेथॉन धावायची होती. अर्धी नाही, पूर्ण, बेचाळीस किलोमीटरची. तिच्यासाठी मी एप्रिलपासून तयारी करत होते.

धावण्याची सवय मला दिल्लीच्या बसने लावली. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी पहाडगंजच्या मराठी शाळेत जायचे. दिल्लीत बस स्टॉपवर थांबत नाही, स्टॉपच्या बरीच पुढे थांबते, आणि तीही थोडाच वेळ. दप्तर पाठीवर घेऊन धावणारी मुलगी बसच्या मागच्या दारात पोचली तर शाळा, नाही तर घर. पुढे बसची सवय सुटली, धावण्याची राहिली. मी एकटीच धावत असे. सोसायटीत धवलचा रनिंग ग्रुप होता; त्यांचे एका रंगाचे टी-शर्ट होते आणि धावून झाल्यावर कॉफी पिताना ते धावण्यापेक्षा जास्त वेळ धावण्याबद्दल बोलत.

आजारपणानंतर मी माझा एकच नियम केला. सकाळी उठण्याआधी, पडल्या पडल्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची. ती नेहमीपेक्षा जास्त असली तर त्या दिवशी धावायचं नाही. कितीही वाईट वाटलं तरी नाही. नोव्हेंबर जवळजवळ सगळा असाच गेला. डिसेंबरात मी गेटपासून नाल्याच्या पुलापर्यंत धावून परत चालत आले आणि दुपारभर झोपले. वेळेचं उद्दिष्ट मी सोडून दिलं. अंतर तेवढं ठेवलं. थोडं धावायचं, थोडं चालायचं, रस्ता बंद होण्याआधी पोचायचं. इतपत शरीर देईल असा माझा हिशेब होता आणि हिशेब करण्याचं शिक्षण मी घेतलेलं होतं.

धवलचा हिशेब वेगळा होता. त्या वर्षी शहराच्या मॅरेथॉनमध्ये सोसायट्यांसाठी एक करंडक ठेवला होता. प्रत्येक सोसायटीचे चार धावणारे, त्यांत निदान एक बाई, आणि चौघांच्या वेळेची सरासरी. आमच्या सोसायटीत पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव दिलेली बाई एकच होती. बाकीच्यांनी पाच किलोमीटरच्या गुलाबी टी-शर्टवाल्या दौडीत नाव घातलं होतं.

जानेवारीत एका रविवारी धवल लॅपटॉप घेऊन घरी आला. माझ्या आजारपणाचा त्याने आलेख काढला होता.

"वहिनी, ऑनेस्टली, तुम्ही सहा तास घेणार."

"हो, तेवढे लागतील."

"सहा तासांत ॲव्हरेजची पूर्ण वाट लागते यार. समोरच्या इटालियन लोकांचे चारही जण चारच्या आत आहेत."

"मग मला टीममधून काढा."

"काढलं तर बाई कुठून आणू?" त्याने लॅपटॉप मिटला. "म्हणून एक आयडिया आहे. तुम्ही आरामात घरी बसा. तुमची चिप धावेल."

चिप म्हणजे प्लॅस्टिकची एक चकती. मोठ्या बटणाएवढी, बुटाच्या नाडीत ओवायची. रस्त्यावर ठिकठिकाणी पट्टे अंथरलेले असतात. त्यांवरून बूट गेला की यंत्र टीं करतं आणि त्या नावापुढे वेळ पडते. बूट कुणाचा, हे यंत्र विचारत नाही.

"चिप धावेल. आणि मी?" मी विचारलं.

"तुम्हीसुद्धा. टेक्निकली."

सुजय हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "अगं, फन इव्हेंट आहे. कुणी ऑलिम्पिकला चाललंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे, ऑलिम्पिक नाहीच—"

"माझी चिप दुसरं कुणी घालणार नाही. माझ्या नावापुढे माझी वेळ पडेल."

धवलने सुजयकडे पाहिलं. बायकांची समजूत घरच्या पुरुषाने काढायची असते, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. कन्सल्टंट लोकही या बाबतीत जुन्या पद्धतीने चालतात.

धवलला कळलं नाही, ते मी समजू शकत होते. सुजयला कळायला हवं होतं. माझे वडील, राजाराम मेश्राम, नागपूरहून दिल्लीला केंद्राच्या मंत्रालयात नोकरीला आले. विद्यापीठात माझं नाव सर्वसाधारण यादीत सगळ्यांत वर होतं, तरी वर्गातल्या एकीने गोड आवाजात विचारलं, "कौनसी लिस्ट में?" बर्फी घेऊन आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "आपका तो होना ही था." ते वाक्य मला तेव्हा कौतुकाचं वाटलं. बाबांना ते लगेच कळलं होतं. काकू गेल्यावर ते म्हणाले, "तुझ्या नावापुढे जे लिहिलं जाईल ते तुझंच पाहिजे. कमी असलं तरी चालेल." बाबा आता नाहीत. नोकरीत, बढतीत, पेपर छापून आला तेव्हा, ती गोड आवाजातली शंका मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. दर वेळी माझ्याकडे एकच उत्तर होतं, की हे मी केलं आहे.

सुजयनेही हे ऐकलेलं होतं. त्याने त्यावर वेगळा इलाज काढला. गुडगावला आल्यावर त्याच्या कार्डावर गजभियेचं 'जी' झालं. सुजय जी. इथे कुणी आडनाव विचारत नाही, असं तो अभिमानाने सांगे. खरं होतं ते. इथे टॉवर आणि मजला विचारत. यालाच तो सुधारणा समजत होता.

मॅरेथॉनच्या आदल्या संध्याकाळी सुजयने माझे बूट समोर घेतले आणि नाडीत चिप ओवून नीट गाठ मारून दिली. "तुला वाकायला त्रास होतो ना," म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्या बुटांना हात लावला नव्हता. निरीक्षणातला हा बदल मी टिपला आणि त्यातून चुकीचा निष्कर्ष काढला. मला बरं वाटलं.

सकाळी धुकं होतं. सुजय धावणार नव्हता. तो फोटो काढणार होता. नाडी ठीक होती. सुरुवातीच्या पट्ट्यावरून हजारभर माणसं एकदम गेली आणि यंत्र कलकलाट करत राहिलं, त्यात कुणाचा आवाज कुठला ते कळायचं कारण नव्हतं. धवल पुढे गेला. जाताना त्याने मला अंगठा दाखवला. मी हळू निघाले. थोडं धावत, थोडं चालत. लोक मला मागे टाकत गेले आणि मग मागे टाकायला कुणी उरलं नाही. शांत झालं. धुक्यातून इमारती येत होत्या, अर्ध्या पूर्ण, अर्ध्या बांबूंच्या परांचीत. एका फलकावर लिहिलं होतं, टस्कनीत राहा. फलकाखाली टस्कनी बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या.

अर्ध्या अंतरावरच्या पट्ट्याशी मी पोचले तेव्हा माझ्यापुढे फक्त एक म्हातारे सरदारजी होते. ते पट्ट्यावरून गेले. टीं. मग मी गेले.

आवाज आला नाही.

मी मागे फिरले आणि पुन्हा पट्ट्यावरून गेले. नाही. तिसऱ्यांदा बूट जोरात आपटून गेले. कडेला खुर्चीवर बसलेली कॉलेजातली मुलगी म्हणाली, "हो गया मॅम, चलिए."

"नहीं हुआ."

"मशीन कभी-कभी नहीं बजती."

"अभी बजी थी," मी म्हटलं. सरदारजी धुक्यात जात होते.

मी दुभाजकावर बसले आणि बुटाकडे पाहिलं. गाठ सुजयची होती, घट्ट. चकतीच्या कडेला एक बारीक भोक पाडलेलं होतं आणि भोकाभोवती धातूच्या कडीने घासल्याच्या गोल रेघा. ती चकती मी ओळखत होते. गेल्या वर्षी सुजय दहा किलोमीटर धावला होता, आणि शर्यतीनंतर चिप परत करायची असते ती त्याने न करता गाडीच्या किल्लीला अडकवली होती. लिफ्टमध्ये किल्ली फिरवली की कुणीतरी विचारे, आप मॅरेथॉन दौडते हैं? परवा टेबलावर पाहिलेल्या किल्लीला नुसती कडी होती. तेही मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

म्हणजे माझी चिप आत्ता कुठेतरी पुढे धावत होती. टेक्निकली.

रस्त्याच्या पलीकडे एक टॅक्सी उभी होती. हाडांतली वाळू जड झाली होती. मी बसून नाडी मोजली, ती हळूहळू खाली आली. आता पुढे धावून काहीच सिद्ध होणार नव्हतं. कुठल्याच कागदावर माझा दुसरा अर्धा भाग पडणार नव्हता. पहिलाही पडलेला नव्हता. पण मी टॅक्सीत बसले असते तर धवलची योजना अक्षरशः पूर्ण झाली असती. चिप धावली, वहिनी घरी आरामात.

मी उठले. मुलगी म्हणाली, "ऑल द बेस्ट, मॅम!" तिला तसं सांगून ठेवलेलं असणार.

उरलेल्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ऊन वर आलं. पाण्याची टेबलं मिटवत होते. एकाने मला पेला द्यायचा की खोकं भरायचं याचा विचार केला आणि खोकं भरलं. पोलिसांनी एक बाजू वाहनांना खुली केली आणि मी गाड्यांच्या कडेने जाऊ लागले. एकाने काच खाली करून सांगितलं, "मॅडम, रेस खतम हो गयी." मी धावे, थांबे, मानेला बोटं लावून मोजे, चाले, पुन्हा धावे. गुडघ्यांच्या आत जिथे डेंग्यू बसला होता तिथे तो अजून थोडा होता. मला राग यायला हवा होता असं वाटेल. राग फारसा नव्हता. ज्या माणसांची बुद्धी आरओच्या पाण्यापाशी थांबते त्यांच्यावर रागावून ग्लुकोज जाळण्यात अर्थ नव्हता.

शेवटची कमान लांबून दिसली तेव्हा तिथे अजून गर्दी होती. प्रमुख पाहुणे दिल्लीच्या रिवाजाप्रमाणे उशिरा आले होते आणि बक्षिसं आत्ता चालली होती. लाउडस्पीकरवर निवेदकाचा आवाज भरून येत होता.

"...सिर्फ चार महीने पहले डेंग्यू! प्लेटलेट गिर गये! मगर इस शेरनी ने हार नहीं मानी! चालीस साल से ऊपर की महिलाओं में प्रथम, ला व्हिस्टा मेरिडियन की वैजयंती मेश्राम!"

टाळ्या पडल्या. मी त्याच वेळी कमानीखालून गेले. पट्टा माझ्या पायांखाली मुकाट पडून होता.

मंचावर सुजय होता. "वो थोडा आराम कर रही हैं, गाडी में," तो पाहुण्यांना सांगत होता आणि चषकासाठी हात पुढे करत होता. खाली धवल उभा होता, गळ्यात पदक, चेहरा पांढरा. त्याने मला पाहिलं. मग निवेदकाने माझ्या छातीवरचा नंबर आणि नाव पाहिलं आणि ओरडला, "और ये आ गयीं!" चार हातांनी मला पायऱ्यांवरून वर ओढलं. पाहुण्यांनी चषक सुजयकडून काढून माझ्या हातात दिला.

मी तो निवेदकाच्या हातात ठेवला. "यह मेरा नहीं है. मैं अभी-अभी पहुँची हूँ."

माइक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"देखिए!" निवेदक गहिवरला. "ऐसी विनम्रता!"

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात. सुजयही वाजवत होता. दिल्लीत खरं बोलायला मनाई नाही, फक्त त्याचा असा सत्कार होतो.

मी खाली उतरून वेळ नोंदवणाऱ्यांच्या तंबूत गेले. धवल आणि सुजय मागोमाग. टेबलाशी बसलेल्या माणसाने माझा नंबर पडद्यावर काढला, मग मी सांगितल्यावर धवलचा. दोन्ही रांगा त्याने एकाखाली एक लावल्या. पहिल्या पट्ट्यापासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत एका सेकंदाचाही फरक नव्हता.

"मियाँ-बीवी हाथ पकड के दौडे क्या?" त्याने विचारलं.

"हे माझे पती नाहीत," मी म्हटलं, आणि मग हिंदीत पुन्हा सांगितलं. "ये सेक्रेटरी हैं."

धवलने कपाळ पुसलं. "उजव्या बुटावर माझी होती, डाव्यावर तुमची. वहिनी, प्लीज. मला माहीत होतं, मी थोडं स्लो जायला पाहिजे होतं. चार-सव्वाचार. कुणाच्या डोळ्यांवरही आलं नसतं. पण पस्तिसाव्या किलोमीटरला बघतो तर माझा पर्सनल बेस्ट येत होता यार. कसा सोडणार?"

"आणि चाळीसच्या वरच्या बायकांचा वेगळा गट असतो, हे?"

"ते... डोक्यातच आलं नाही."

चार माणसांच्या सरासरीसाठी लॅपटॉपवर आलेख काढणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. चाळिशीपुढच्या बाया धावतात हेच त्याच्या हिशेबात नव्हतं.

मी टेबलावरच्या माणसाला सांगितलं की माझ्या नावापुढची वेळ काढून टाका.

"निकाल तो दूँगा. मगर मॅडम, फिर आपका कोई टाइम ही नहीं रहेगा. पूरा भाग के आयी हैं आप?"

"हाँ. पूरा."

"तो भी कुछ नहीं लिखा जाएगा."

"मत लिखिए."

सुजयने माझा दंड धरला. "वैजू, एक मिनिट. टीम बाद होईल. धवलवर बॅन येईल. आणि तुला काय मिळणार? ना टाइम, ना ट्रॉफी. कोण विचारणार होतं? हे सगळं कोण कशाला विचारणार होतं?"

"तुझ्या ऑफिसात विचारत नाहीत?" मी म्हटलं. "मला विचारतात."

त्याने दंड सोडला. माणसाने कळ दाबली. माझ्या नावापुढची जागा रिकामी झाली. मी खाली बसून बुटाची गाठ सोडवली, त्याला बराच वेळ लागला, कारण बोटं सुजली होती. ती भोकाची चकती मी सुजयच्या हातात दिली. "तुझ्या किल्लीला लाव."

चषक दुसऱ्या आलेल्या बाईंना गेला. त्यांना शोधायला लोक पार्किंगपर्यंत धावले. सोसायटीच्या बोर्डावर नंतर सूचना लागली की काही तांत्रिक कारणास्तव आपल्या संघाचा निकाल राखून ठेवला आहे. बांबूंची भांडी मात्र त्याच आठवड्यात लॉबीतून गेली. वास्तुशास्त्रवाल्याने सांगितलं म्हणे.

त्या दुपारी ठरल्याप्रमाणे आम्ही आईकडे द्वारकेला जेवायला गेलो. आईने पाटवडीचा रस्सा केला होता. मला खुर्चीवर बसवून तिने माझे पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले आणि ताट माझ्या हातात दिलं.

"झालं का पूर्ण?" तिने विचारलं.

"झालं."

"चाललीस की धावलीस?"

"दोन्ही."

"बरं." ती सुजयला वाढायला वळली. त्याच्या ताटात रस्सा घालता घालता म्हणाली, "जावईबापू, किती वेळ लागला हो हिला?"

सुजयचा घास हातात राहिला. धवलची वेळ त्याला सेकंदापर्यंत पाठ होती. मंचावर त्याने तीच माझी म्हणून पाहुण्यांना सांगितली होती. माझी त्याने विचारली नव्हती. गाडीतही नाही.

आई पळी धरून थांबली होती. तो माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"सहा तास अकरा मिनिटं," मी म्हटलं.

"खूप झाले गं," आई म्हणाली, आणि मला आणखी एक पाटवडी वाढली.